गोव्याचा वारसा, पोर्तुगीज नागरिकत्व आणि परदेशातली मिशनरी सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मूळ असलेले फादर, सिस्टर, ब्रदर आणि प्रोटेस्टंट मिशनरी कुटुंबे आफ्रिकेतून, ब्राझीलमधून, युरोपातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न १ आणि प्रश्न १५ वाचा. ते समजून न घेता लिस्बनला अर्ज करू नये.

१. आजोबा गोव्याचे होते, म्हणून मला भारतीय आणि पोर्तुगीज असे दुहेरी नागरिकत्व मिळेल का?

नाही. पोर्तुगालला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५ चे कलम ९ यांनुसार, ज्याने स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कुणी आदेश काढावा लागत नाही आणि तुम्ही राजीनामा द्यावा लागत नाही. नंतर मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे नागरिकत्व नाही, तो आजीवन व्हिसा आहे. त्यावर ‘सिटिझन’ हा शब्द छापलेला असल्याने अनेकांची समजूत चुकते. म्हणजे गोव्याच्या वारशातून होते ती नागरिकत्वाची अदलाबदल.

तुमच्याकडे आधीच ब्राझीलचे, केनियाचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रश्न भारताचा उरत नाही. त्या देशाला दुसरे नागरिकत्व चालते का, एवढेच पाहायचे.

२. गोवा १९६१ सालीच भारतात आला. मग आज हा हक्क येतो कुठून?

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा, दमण, दीव इथे जन्मलेली माणसे पोर्तुगीज कायद्याने जन्मतः पोर्तुगीज होती. भारताने २८ मार्च १९६२ च्या आदेशाने ठरवले की २० डिसेंबर १९६१ पूर्वी जे स्वतः, किंवा ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी तिथे जन्मले, ते सगळे भारतीय नागरिक. ज्यांना हे नको होते त्यांना लेखी कळवायला एक महिना दिला होता. पोर्तुगालने या सरसकट बदलाला ‘स्वेच्छेने परके नागरिकत्व घेणे’ मानले नाही. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात त्याने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण त्या काळात जन्मलेल्यांचे मूळ नागरिकत्व पुसले नाही. आज सगळे ३ ऑक्टोबर १९८१ च्या नागरिकत्व कायद्यावर, म्हणजे कायदा ३७/८१ वर चालते. त्यात वारंवार दुरुस्त्या होतात, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशीचा मजकूर वाचावा.

त्या एका महिन्यात पोर्तुगीज राहण्याचा पर्याय निवडणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते. मॉन्सिन्योर रेमेदियुश मोंतेरु यांनी निवासाच्या परवान्याचे नूतनीकरण केले नाही, खटला झाला आणि २६ मार्च १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. जन्म गोव्याचा, सेवा गोव्यातच, तरी कायद्यापुढे ते परदेशी ठरले. प्रश्न १५ वाचताना हे लक्षात असू द्या.

३. मी कोणत्या रांगेत येतो, हे कसे ओळखू?

तुम्ही स्वतः गोवा, दमण किंवा दीव इथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत जन्मला असाल, तर नागरिकत्व नव्याने मागायचे नसते. तुमची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कचेरीत, म्हणजे कोन्सेर्व्हातोरियात, उतरवून घ्यायची असते.

आई किंवा वडील असे जन्मले असतील आणि तुम्ही नंतर, मुंबईत असो की म्हापशात, तर तुम्ही ‘पोर्तुगीज नागरिकाचे परदेशात जन्मलेले अपत्य’. आधी आईची किंवा वडिलांची नोंद, मग तुमची. भाषेची परीक्षा नाही.

फक्त आजी किंवा आजोबा असे जन्मले आणि मधली पिढी नोंदली गेली नाही, तर नातवंडांची वाट. ती २०२० च्या दुरुस्तीने सोपी झाली, तरी भाषा आणि गुन्ह्यांविषयीचे दाखले या दोन अटी आहेत (प्रश्न ८ आणि ९). मधली पिढी हयात असेल तर तिलाच आधी नोंदवावे, म्हणजे तुम्ही ‘अपत्य’ ठरता आणि दोन्ही अटी टळतात. मात्र त्या नोंदणीचा तुमच्या आईवडिलांच्या भारतीय नागरिकत्वावर काय परिणाम होईल, हे त्यांना नीट समजावून सांगा (प्रश्न १३). मुलाच्या सोयीसाठी सत्तरीतल्या वडिलांनी सही करावी आणि मतदार यादीतून नाव गेल्यावर त्यांना कळावे, असे होऊ नये.

४. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमचे पूर्वजही पोर्तुगीज प्रजाच होते. आम्हाला अर्ज करता येईल?

नाही. चिमाजी अप्पांनी वसई १७३९ साली जिंकली, चौल-रेवदंडा आणि कोर्लईही त्यानंतर लगेचच पोर्तुगिजांच्या हातून गेले. आजच्या कायद्याची दोरी आजीआजोबांपर्यंतच पोचते. आडनाव डिसोझा, परेरा, लोपीस असणे हा पुरावा नाही, आणि कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलली जाणे हाही नाही. वसईच्या एखाद्या घरात आजी गोव्याची सून म्हणून आली असेल, तर तिच्या गोव्यातल्या जन्माच्या आधारे मात्र अर्ज होऊ शकतो.

५. मी मिशनवर मोझांबिकमध्ये आहे. पोर्तुगालमध्ये राहावे लागेल का? मिशनरी असल्याने काही सवलत किंवा अडचण?

वारशाच्या वाटेला पोर्तुगालमधल्या वास्तव्याची अट नाही आणि मिशनरी म्हणून सवलतही नाही. अर्ज तुम्ही राहता त्या देशातल्या पोर्तुगीज कॉन्सुलेटमार्फत करता येतो, किंवा मुखत्यारपत्र देऊन लिस्बनमधल्या वकिलामार्फत. बदली होणाऱ्याला दुसरी वाट बरी पडते, कारण फाइल एका पत्त्यावर राहते. कॉन्सुलेटमध्ये सुरू केलेली फाइल आणि मध्येच बदललेला देश हे पत्र गहाळ होण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. लिस्बन एखादा कागद मागते, उत्तराला मुदत असते, आणि पत्र जुन्या मिशनच्या पेटीत पडून राहते. पत्ता म्हणून व्यक्तीच्या खोलीऐवजी प्रॉव्हिन्सचे (संघाच्या प्रांताचे) मुख्य घर द्यावे.

नागरिकत्व मिळाल्यावर किती वर्षे पोर्तुगालबाहेर राहिलात याने ते जात नाही. दुसरे नागरिकत्व असलेल्याने स्वतः लेखी सोडले तरच जाते.

६. कागदपत्रे कोणती आणि कुठून मिळवायची?

पाया एकच : गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या जन्मनोंदीची संपूर्ण नक्कल. गोव्यात तिला ‘तेओर’ म्हणतात. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कम सब रजिस्ट्रार कचेरीतून किंवा जुने खंड असतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यातून ती मिळते. संगणकावर छापलेला एकपानी जन्मदाखला पुरत नाही. मूळ नोंदीत आजीआजोबांची नावे, नोंद कुणी केली आणि समासातले शेरे असतात, आणि लिस्बन तेच वाचते. शोधायला तालुका, गाव आणि जन्मवर्ष तरी हवे. वर्ष पक्के नसेल तर मागची-पुढची दोन-तीन वर्षे पाहायला सांगा.

मग आईवडिलांची विवाहनोंद. ती गोव्यातली असेल तर त्याच कचेरीत. मुंबईत चर्चमध्ये झालेले लग्न असेल तर पॅरिशचा दाखला पुरेसा नसतो, रजिस्ट्रारकडची नोंद लागते. आईवडिलांचे लग्न लिस्बनला उतरवले नसेल तर वडिलांमार्फत येणारा हक्क अडतो.

तुमची स्वतःची जन्मनोंद, पासपोर्टची प्रत, आणि अर्जाचा नमुना. प्रौढ अपत्य आणि नातवंड यांना शुल्क १७५ युरो, अल्पवयीन अपत्याला शुल्क नाही.

भारतात निघालेला प्रत्येक कागद आधी राज्य सरकारकडून साक्षांकित करून परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यावर अपोस्टिल, म्हणजे करारातल्या इतर देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का, घ्यावे लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. मराठी, कोकणी किंवा स्वाहिली मजकुराचे प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर जोडा. क्रम महत्त्वाचा : आधी चुका दुरुस्त करा, मग नक्कल काढा, मग अपोस्टिल. उलट केले तर खर्च दुप्पट होतो, कारण दुरुस्तीनंतर नवी नक्कल आणि नवे अपोस्टिल लागते.

एजंट तेओर आणून देत असेल तर खंड क्रमांक आणि नोंद क्रमांक स्वतः कचेरीत जाऊन किंवा विश्वासू नातेवाइकाला पाठवून पडताळा. खाडाखोड केलेल्या नोंदी आणि घुसवलेली नावे यांवर गोव्यात गुन्हे नोंदले गेले आहेत. सही तुमची असते, एजंटची नव्हे.

७. नोंदीतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव जुळत नाही. आता?

सर्वांत जास्त फाइली इथे अडतात. तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, लिपीची. पोर्तुगीज कारकुनाने कानाला आले तसे लिहिले, त्यामुळे शंकर प्रभू नोंदीत ‘शेंकोर पोरोबो’ होतो, नाईक, गावकर, केळेकर यांची वळणे बदलतात. घराण्याचा संबंध इतर नोंदींतून स्पष्ट असेल तर हे खपते. पण वडिलांच्या नावाचे एक रूप तुमच्या नोंदीत आणि दुसरे त्यांच्या स्वतःच्या नोंदीत असेल तर सवाल येतोच.

दुसरी, तारखेची. शाळेत घालताना लावलेली जन्मतारीख दाखल्यावरून पासपोर्टवर गेली आणि मूळ नोंदीत वेगळीच आहे. अशा वेळी मूळ नोंद बदलायची नसते, नंतरचे कागद तिच्याशी जुळवायचे असतात. म्हणजे आधी भारतीय पासपोर्ट दुरुस्त करावा लागतो.

तिसरी तऱ्हा मिशनऱ्यांची खास, आणि तिच्याकडे वकिलांचेही लक्ष नसते : व्रतस्थ जीवनातले नाव. पूर्वी अनेक धार्मिक संघांत सिस्टरना आणि काही ब्रदरना नवे नाव मिळायचे, आणि पासपोर्टही त्याच नावाने निघायचा. बाप्तिस्म्याचे नाव एक, आडनाव गाळलेले, पुढे ‘सिस्टर’ जोडलेले. लिस्बनला ही दोन वेगळी माणसे दिसतात. संघाच्या सुपीरियरचे (प्रमुखाचे) पत्र मदत करते, पण एकटे पुरत नाही. लागतात त्या गोष्टी : संघप्रवेश आणि व्रतग्रहणाच्या नोंदीची नक्कल, जिच्यात दोन्ही नावे एकत्र आहेत, बिशप कार्यालयाचा शिक्का, दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि शक्य असेल तर राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. गोव्यात जन्मनोंदीतले नाव बदलायला १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे, पण सिस्टरनी त्याच्या वाटेला जाऊ नये. जन्मनोंदीतले नाव तसेच ठेवून भारतीय पासपोर्ट जन्मनावावर आणणे, आणि मगच अर्ज, हा मार्ग लांबचा असला तरी पुढे कुठे अडत नाही. पोर्तुगीज कार्डावर नाव जन्मनोंदीतलेच येणार. मिशनच्या देशातला तुमचा निवासपरवाना व्रतनावावर असेल तर तोही बदलावा लागेल, याचा हिशेब आधीच करा.

८. मी वीस वर्षांत चार देशांत सेवा केली. पोलिसांचे दाखले सगळीकडून आणायचे?

नातवंडांच्या वाटेने जात असाल तर हो. जन्माचा देश, नागरिकत्वाचा देश, आणि वयाच्या १६ वर्षांनंतर जिथे जिथे राहिलात तो प्रत्येक देश. रोममध्ये शिकायला काढलेली वर्षेही यात आली. २०२० च्या दुरुस्तीतली अट अशी की पोर्तुगीज कायद्यातही गुन्हा ठरणाऱ्या कृत्यासाठी तुम्हाला ३ वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेली नसावी.

भारतातला पोलिस दाखला (पीसीसी) पासपोर्ट सेवा पोर्टलवरून किंवा परदेशातल्या भारतीय दूतावासातून मिळतो. बाकी देशांत तऱ्हा वेगळी : कुठे बोटांचे ठसे लागतात, कुठे तिथला जुना निवासपरवाना दाखवावा लागतो. अपोस्टिल करारात नसलेल्या देशाचा दाखला आधी त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडून आणि मग तिथल्या पोर्तुगीज दूतावासाकडून प्रमाणित करावा लागतो.

अडचण येते ती मुदतीची. हे दाखले साधारण तीन महिनेच ताजे मानतात. पहिल्या देशाचा दाखला आला, चौथ्याचा येईपर्यंत पहिला शिळा. म्हणून सर्वांत संथ देशाला आधी लिहा, आणि त्याचा दाखला हाती आल्यावर बाकीचे काढा. जुन्या व्हिसांच्या, निवासपरवान्यांच्या प्रती प्रॉव्हिन्सच्या कचेरीत जपून ठेवलेल्या असतील तर काम निम्मे होते. संघाच्या सेक्रेटरींनी बदली होणाऱ्या प्रत्येकाकडून देश सोडतानाच पोलिस दाखला घेण्याची सवय लावावी. तो कालांतराने शिळा झाला तरी नवा मागताना जुना क्रमांक उपयोगी पडतो.

९. मी ब्राझीलमध्ये रोज पोर्तुगीजमधून मिस्सा म्हणतो. तरी परीक्षा द्यावी लागेल?

नातवंडांच्या वाटेने असाल तर भाषेचा लेखी पुरावा हवाच. पातळी ए-२, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती. लिस्बन विद्यापीठाच्या ‘काप्ले’ केंद्राची ‘सिप्ले’ परीक्षा याच पातळीची. तुमच्यासारख्याला ती अवघड नाही, पण बिशपांचे ‘यांना पोर्तुगीज येते’ असे पत्र तिची जागा घेत नाही. उच्चार ब्राझीलचा असला तरी चालतो. गोव्यात असाल तर पणजीत पोर्तुगीज शिकण्याची सोय आहे.

१०. माझी जन्मनोंद वडिलांनी वीस वर्षांनी केली. आणि आजोबांचा तर फक्त बाप्तिस्म्याचा दाखला आहे.

आजोबांचे आधी. गोव्यात सक्तीची नागरी नोंदणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाची बाप्तिस्म्याची नोंद पुरावा म्हणून चालते. त्यानंतरच्या जन्माला नागरी नोंद हवी. ‘सापडली नाही’ असा शोधदाखला कचेरीकडून घ्या आणि मग बाप्तिस्म्याची नोंद जोडा.

उशिरा झालेल्या नोंदीत खरा धोका पालकत्वाचा. पोर्तुगीज कायद्यात नागरिकत्वासाठी आईवडिलांशी नाते तुम्ही अल्पवयीन असतानाच कागदावर सिद्ध झालेले असावे लागते. अठरा उलटल्यावर वडिलांचे नाव घातले गेले तर फक्त ती नोंद चालत नाही. त्या काळातले इतर कागद शोधा : लहानपणीचा बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचे रजिस्टर, आईवडिलांच्या लग्नाची त्याआधीची नोंद. न्यायालयाच्या निकालाने प्रौढपणी सिद्ध झालेल्या पालकत्वाला २०२४ च्या दुरुस्तीने मर्यादित वाट दिली आहे, पण ते वकिलाचे काम.

११. वडील नोंदणी न करताच वारले. आता माझा मार्ग बंद?

वडील कधी जन्मले त्यावर आहे. ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात जन्मले असतील तर ते हयातीतच पोर्तुगीज होते, नोंद फक्त उतरायची राहिली. ती मुलांच्या अर्जावर मृत्यूनंतरही उतरवता येते. त्यानंतर जन्मले असतील तर नागरिकत्व त्यांनी स्वतः मागायला हवे होते, मृत माणसाच्या वतीने मागता येत नाही. मग आजोबांवरून नातवंडांची वाट (प्रश्न ३).

१२. आजोबा नैरोबीला गेले आणि ब्रिटिश नागरिक झाले. हक्क राहिला का?

पूर्व आफ्रिकेतल्या गोवेकर कुटुंबांचा हा नेहमीचा पेच आहे. १९८१ पूर्वीचा पोर्तुगीज कायदा कडक होता : स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की पोर्तुगीज गेले. परक्याशी लग्न करून त्याचे नागरिकत्व मिळालेल्या स्त्रीचेही जायचे. १९८१ च्या कायद्याच्या कलम ३० आणि ३१ ने ते परत मिळवण्याची सोय केली. आजोबांच्या ब्रिटिश नोंदणीची तारीख आणि प्रकार शोधा. ३ ऑक्टोबर १९८१ नंतरची असेल तर अडचण नाही. आधीची असेल तर पोर्तुगीज नागरिकत्व गेल्याची नोंद लिस्बनला झाली होती का, यावर पुढचे ठरते. नातवंडाच्या अर्जात आजोबांनी नागरिकत्व गमावलेले नसावे ही अट स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणून हे आधी सोडवा.

१३. लिस्बनला फक्त जन्म नोंदवला, पोर्तुगीज पासपोर्ट काढला नाही. भारतीय पासपोर्ट वापरत राहू शकतो?

ज्या प्रश्नावर एजंट सर्वांत बेधडक उत्तर देतात तो हा. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) नुसार एखाद्याने परदेशी नागरिकत्व घेतले का, केव्हा आणि कसे, हे केंद्र सरकार ठरवते, दर प्रकरणात स्वतंत्रपणे. स्वतः १९६१ पूर्वी जन्मलेल्याची जुनी नोंद उतरवून घेणे आणि १९७५ साली मुंबईत जन्मलेल्याने ‘मला पोर्तुगीज व्हायचे आहे’ असे जाहीर करणे, या दोन कृती सारख्या नाहीत. दुसऱ्या कृतीत स्वेच्छा उघड आहे. पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट घेतल्यावर तर वादाला जागाच राहत नाही.

दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून फिरणे हा गुन्हा आहे. नागरिकत्वाची माहिती दडवून भारतीय पासपोर्ट मिळवला तर पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२(१अ) खाली १ ते ५ वर्षे कैद आणि १० ते ५० हजार रुपये दंड. मतदार यादीतले नावही काढून घ्या.

१४. भारतीय पासपोर्ट परत कसा करायचा?

पोर्तुगीज नागरिकत्व मिळताच, मिशनच्या देशातल्या भारतीय दूतावासात. परत केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि ओसीआयच्या अर्जाला तेच लागते. उशीर केला किंवा मधल्या काळात त्यावर प्रवास केला तर दंड वाढत जातो. गोवेकरांच्या बाबतीत २०२२ पासून नवा पेच आला : माहिती दडवली असे धरून पासपोर्ट रद्द करण्याचे आदेश निघू लागले. रद्द झालेल्या पासपोर्टला परतीचे प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे ओसीआय अडायचे. यावरच्या सूचना त्यानंतर पुन्हा बदलल्या, म्हणून अर्जाआधी दूतावासाची त्या दिवसाची सूचना लेखी मागवा. लिस्बनच्या नोंदीनंतर भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण करू नका. बहुतेक प्रकरणे तिथेच बिघडली आहेत.

१५. ओसीआय मिळाले की भारतात पूर्वीसारखे मिशनकार्य करता येईल ना?

नाही. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला काही कामांसाठी आधी विशेष परवानगी घ्यावी लागते. त्यात संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण यांच्याबरोबर मिशनरी आणि तबलीग कार्य स्पष्टपणे लिहिलेले आहे. परवानगी एफआरआरओ (परदेशी नागरिकांची प्रादेशिक नोंदणी कचेरी) किंवा परदेशातला भारतीय दूतावास देतो. संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रांत जायलाही वेगळा परवाना लागतो, आणि ईशान्येकडची अनेक मिशने तशाच भागांत आहेत.

भारतीय नागरिक असताना संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या आधाराने जे काम तुम्ही कुणालाही न विचारता करत होता, त्याच कामासाठी ओसीआय झाल्यावर अर्ज करायचा आणि उत्तराची वाट पाहायची. कायद्याचे उल्लंघन झाले तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७डी खाली ओसीआय रद्द होऊ शकते. आधी तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाते, पण तोवर सेवा थांबलेली असते.

म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षे कुठे जाणार हे आधी ठरवा. आजीवन परदेशी मिशनसाठी पाठवलेल्याला पोर्तुगीज कागद खरोखर उपयोगी पडतो. पिलारचा संघ, येझूसंघ, सालेशियन अशा संघांत भारतात परत बोलावले जाण्याची शक्यता नेहमी असते : नोव्हिसेट (व्रत घेण्याआधीच्या उमेदवारांचे घर) सांभाळायला, शाळा चालवायला, प्रोव्हिन्शियल (प्रांतप्रमुख) व्हायला. अशा व्यक्तीने मिशनच्या देशाचा धार्मिक कार्यकर्त्याचा व्हिसा घेऊन भारतीयच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१६. सुट्टीत गावी येऊन मिस्सा म्हटली तर?

गावी येणे, घरच्यांबरोबर चर्चला जाणे, प्रार्थनेत भाग घेणे याला बंधन नाही. धार्मिक स्थळी भाषण करणे, धर्मप्रचाराची पत्रके वाटणे, धर्मांतराचा प्रयत्न करणे याला व्हिसावर किंवा ओसीआयवर मनाई आहे. मिस्सेतले प्रवचन, रिट्रीट देणे, नोव्हेनाचे नऊ दिवस प्रवचन करणे हे या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते यावर स्थानिक अधिकाऱ्याचे मत निर्णायक ठरते. फेस्ताला प्रमुख प्रवचनकार म्हणून नाव छापून येणार असेल तर आधी परवानगी घ्या.

ओसीआय हाती येण्याआधी पोर्तुगीज पासपोर्टवर ई-टुरिस्ट व्हिसा घेऊन येणारेही अनेक असतात. त्या व्हिसावर मिशनकार्य अजिबात चालत नाही. मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे.

१७. सुपीरियरची परवानगी लागते का? खर्च कुणाचा?

लिस्बनला ती लागत नाही. पण आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्याने एवढा निर्णय मेजर सुपीरियरला न सांगता घेऊ नये, कारण त्याचा परिणाम बदलीवर होतो. तेओर, अपोस्टिल, भाषांतर, वकील आणि ओसीआय (परदेशात २७५ डॉलर, भारतात १५ हजार रुपये) धरून रक्कम मोठी होते. संघाने दिली तर तसा लेखी ठराव असावा.

१८. संस्थेच्या विश्वस्तपदाचे आणि घरच्या जमिनीचे काय?

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर पदाधिकाऱ्यांचे आधार द्यावे लागते, परदेशी पदाधिकारी असेल तर पासपोर्ट किंवा ओसीआयची प्रत. नागरिकत्व बदलल्याचे संस्थेला न कळवणे तिच्या नोंदणीला धोक्यात घालते. जमिनीबाबत : वारशाने आलेली ठेवता येते, शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही.

१९. आम्ही प्रोटेस्टंट मिशनरी कुटुंब. पत्नी आणि मुलांना आपोआप मिळते का?

आपोआप नाही. पोर्तुगीज नागरिकाशी लग्नाला तीन वर्षे झाल्यावर जोडीदाराला अर्ज करता येतो, लग्न आधी लिस्बनला नोंदलेले हवे. जोडीदार परक्या सरकारच्या सेवेत, तांत्रिक नसलेल्या पदावर असेल तर पोर्तुगाल हरकत घेऊ शकतो. मिशनच्या शाळेतली किंवा दवाखान्यातली नोकरी यात मोडत नाही. मुलांचा अर्ज ‘अपत्य’ म्हणून, प्रश्न ३ प्रमाणे.

२०. पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनच्या पॅरिशमध्ये जाता येईल का?

ब्रेक्झिटनंतर नाही, निदान व्हिसाशिवाय नाही. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहत असलेल्यांसाठीच्या योजनेची अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला संपली. आता पोर्तुगीज धर्मगुरूलाही भारतीयासारखाच धार्मिक सेवेचा व्हिसा लागतो. युरोपीय संघाच्या इतर देशांत मात्र मुक्त वास्तव्य आहे.

२१. पुढे भारतात कायमची बदली झाली तर भारतीय नागरिकत्व परत मिळेल?

मिळू शकते. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद असलेल्याला, अर्जाआधी बारा महिने भारतात राहिल्यावर, नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(जी) खाली अर्ज करता येतो. पूर्वी स्वतः किंवा आईवडील भारतीय नागरिक असलेल्यांसाठी ५(१)(एफ) आहे, त्यालाही बारा महिन्यांचे वास्तव्य लागते. पोर्तुगीज नागरिकत्व सोडावे लागते. निर्णय केंद्राच्या हातात आहे, तो हक्क नाही, आणि त्या काळात मिशनकार्याला प्रश्न १५ मधली परवानगी लागतच राहते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. वास्तव्याचे बारा महिने मोजताना पासपोर्टवरचे प्रवेश-निर्गमनाचे शिक्के तपासले जातात, तेव्हा त्या वर्षात परदेशी मिशनच्या भेटी ठरवू नका.